वसंतातली घरसजावट : खर्च कमी, सलीका अधिक

माघ सरता सरता पहाटेचा गारवा कमी होतो, रजया पायथ्याशी लोटल्या जातात आणि दुपारी पंखा एक नंबरवर फिरू लागतो. रस्त्याकडेला पळस फुललेला असतो, शेवग्याला पांढरी फुले लागलेली असतात, आंब्याच्या मोहोरातून बारीक कैऱ्या डोकावतात. कडुनिंब तर सगळी जुनी पाने अंगणभर टाकून देतो आणि काही दिवसांतच त्याच फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी घेऊन उभा राहतो. या दिवसांत आपल्यालाही वाटू लागते की घरात काहीतरी बदलावे, जरा नवेपण आणावे.

आमच्या घरांमध्ये या इच्छेला गेली काही वर्षे आणखी एक निमित्त मिळाले आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२३ मध्ये तो मार्चच्या अखेरीस सुरू झाला, २०२४ मध्ये मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, तर २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीलाच. म्हणजे शब-ए-बरातची साफसफाई, रमजानची तयारी आणि ईदची सजावट ही सगळी कामे थंडी संपून ऊन चढण्याच्या या मधल्या दिवसांत येऊन पडली आहेत.

पण 'सजावट' हा शब्द उच्चारला की आपले पाय बाजाराकडे वळतात. नवे पडदे, सोफ्याचे कव्हर, प्लॅस्टिकची फुले, भिंतीवरचे चकचकीत घड्याळ. ईदला पाहुणे येणार, लोक काय म्हणतील, शेजारच्या भाभींनी तर नवा शोकेस घेतला, अशा विचारांत महिन्याचा हिशेब कोलमडतो. आणि एवढे करून मे महिना उजाडला की घर तापते ते तापतेच. म्हणून या लेखात विकत आणण्याच्या वस्तू थोड्या आणि घरातल्या घरात करण्याच्या गोष्टी अधिक सांगत आहोत.

घर कोणासाठी सजवायचे?

शिक्षक म्हणून पालकभेटीसाठी आम्हाला अनेक घरांत जावे लागते. मोहल्ल्यातली बहुतेक घरे दोन-तीन खोल्यांची असतात. त्यांतली सर्वांत हवेशीर, खिडकीची खोली बैठकीची असते. तिथे सोफा असतो आणि सोफ्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते, शोकेसमध्ये कपबशांचा न वापरलेला सेट असतो, खिडकीवर जाड मखमली पडदा असतो. ती खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. घरातली सहा-सात माणसे मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात दाटीवाटीने राहतात. दहावीचे मूल ओट्याखाली बसून अभ्यास करते आणि दादीची खाट जिथे वारा पोहोचत नाही अशा कोपऱ्यात असते.

पाहुण्यांचा मान ठेवणे ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण पाहुणा वर्षातून किती तास त्या खोलीत बसतो? आणि घरातली माणसे किती तास घरात असतात? या प्रश्नाचे उत्तर मनाशी दिले की सजावटीची दिशा आपोआप ठरते. ज्या खोलीत जास्त माणसे जास्त वेळ असतात, त्या खोलीला उजेड, वारा आणि गारवा मिळवून देणे हीच वसंतातली पहिली सजावट. आपल्याकडे वसंत फार थोडे दिवस टिकतो, त्याच्या मागे उन्हाळा उभाच असतो. त्यामुळे आज घरात जो बदल करू तो पुढच्या तीन-चार महिन्यांत आपल्या उपयोगी पडला पाहिजे.

आधी झटकणे, मग सजवणे

पडदा, चादर, गालिचा, सतरंजी हे आपल्या घरातले रोजचे शब्द फारसीतून आलेले आहेत. ज्या इराणी भूमीतून ते आले, तिथे वसंताच्या पहिल्या दिवशी, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास, नवरोज म्हणजे नवे वर्ष सुरू होते. नवरोजच्या आधीचे काही दिवस इराणी कुटुंबे घर अक्षरशः उलटेपालटे करून धुतात, गालिचे बाहेर काढून झटकतात. या कामाला तिथे 'खाने-तकानी' म्हणतात. खाना म्हणजे घर आणि तकानी म्हणजे झटकणे. मुंबईतल्या इराणी कुटुंबांना हा रिवाज नवा नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट हीच की घरात नवे आणण्याआधी जुने झटकावे.

सुरुवात अंथरुणांपासून करावी. फाल्गुनातले कोरडे ऊन गाद्या, उशा आणि गोधड्यांसाठी उत्तम असते. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत उन्हात ठेवून, मध्ये एकदा बाजू पालटून, संध्याकाळी काठीने झोडपून घ्याव्यात. गादीची शिवण आणि खाटेच्या फटी याच वेळी तपासाव्यात, कारण ढेकणांची वस्ती तिथेच असते. कापसाच्या गादीला गोळे झाले असतील तर ती फेकून फोमची आणण्याची घाई करू नये. पिंजारी, मन्सुरी, नदाफ समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या हे काम केले आहे. पूर्वी ते धनुकली घेऊन गल्लीत येत, आता बऱ्याच गावांत यंत्रावर पिंजून देतात. पिंजलेली गादी पुन्हा नव्यासारखी फुगते, उन्हाळ्यात फोमपेक्षा कमी तापते आणि आपल्याच मोहल्ल्यातल्या माणसाला काम मिळते.

गरम कपडे ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावेत. त्यांत कडुनिंबाची सावलीत वाळवलेली पाने मलमलीच्या पुरचुंडीत बांधून घालण्याची जुनी पद्धत चांगली आहे. डांबराच्या गोळ्या वापरायच्याच असतील तर लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते. अशा बाळाला या गोळ्यांच्या वासाने आणि संपर्काने कावीळ व रक्ताची मोडतोड होण्याचा धोका असतो.

नंतर कपाटे आणि फळ्या. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारावा : गेल्या एका वर्षात ही वापरली का? वापरली नसेल आणि धड असेल तर ज्याला गरज आहे त्याला द्यावी. मुलांचे आखूड झालेले पण चांगले कपडे, जादा भांडी, शाळेची जुनी पुस्तके ईदच्या आधीच पोहोचली तर घेणाऱ्यालाही ती ईदला वापरता येतात. फाटके ते फडक्यांना ठेवावे. फळ्यांवर अंथरलेले जुने उर्दू वर्तमानपत्र काढताना मात्र नजर टाकावी. त्यावर आयत किंवा पवित्र नावे असतील तर ते कागद वेगळे काढून आदराने ठेवावेत आणि यापुढे फळ्यांवर साधा तपकिरी कागद किंवा जुन्या ओढणीचे कापड अंथरावे. कापड धुऊन परत वापरता येते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ही झटकाझटकी घरातल्या बायकांनी करायची आणि पडद्याचा रंग तेवढा पुरुषांनी पसंत करायचा, असे होऊ नये. रोजा ठेवून, सहेरी-इफ्तारचा स्वयंपाक सांभाळून अम्मी एकटीच शिडीवर चढून जाळी काढते, हे दृश्य घराच्या शोभेचे नाही. जड कामे रमजानच्या आधीच उरकावीत आणि ती वाटून घ्यावीत. आठ वर्षांचा मुलगाही आपल्या पुस्तकांची फळी नीट पुसू शकतो.

उजेड आणि वारा : फुकटची सजावट

खोलीत गेल्याबरोबर ती प्रसन्न वाटते ती बहुधा उजेडामुळे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, बादलीभर पाणी लागते. खिडकीच्या काचा धुण्याच्या साबणाच्या पातळ पाण्याने पुसून वर्तमानपत्राच्या बोळ्याने कोरड्या कराव्यात. डासांच्या जाळीकडे आपले लक्ष जात नाही, पण तिच्या बारीक छिद्रांत वर्षभराची धूळ बसते आणि वारा अडतो. जाळी जुन्या ब्रशने घासून धुतली की त्याच खिडकीतून लगेच जास्त हवा येते. पंख्याचे पाते पुसताना जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून बाहेर ओढावा. धूळ अभ्र्यातच राहते, खाली अंथरुणावर पडत नाही. पंखा आधी बंद करून बटणाजवळ कुणाला तरी उभे करावे, हे सांगायला नकोच. ट्यूब आणि बल्बही पुसावेत.

आता पडदे. हिवाळ्यातले जाड, गडद पडदे उतरवावेत आणि धुऊन ठेवावेत. त्यांच्या जागी पांढऱ्या, मोतिया, फिक्या हिरव्या किंवा आकाशी रंगाचे पातळ सुती पडदे लावावेत. घरातला पडदा जपून लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पडदा एकसंध असण्याची गरज नाही. दारावर आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर पडदा आणि वरचा अर्धा भाग मोकळा ठेवला तर बाहेरून आतले दिसत नाही आणि वरून उजेड-वारा येत राहतो.

पश्चिमेच्या खिडकीची गोष्ट वेगळी. दुपारनंतरचे ऊन काचेतून आत आले की पडदा तापतो आणि तोच खोली तापवतो. म्हणून ते ऊन खिडकीच्या बाहेरच अडवायला हवे. बांबूची चिक बाहेरच्या बाजूने सोडावी. चिक मिळाली नाही तर जुन्या जाड चादरीला वर-खाली नाडा शिवून ती बाहेरून बांधावी.

वाळ्याचे पडदे हा आपल्याकडचा जुना, सुंदर उपाय. उर्दूत ज्याला खस म्हणतात तोच आपला वाळा. त्याच्या मुळ्यांच्या ताट्या ओल्या ठेवल्या की त्यांतून येणारा वारा गार आणि सुगंधी होतो. पण हा उपाय कुठे चालतो ते समजून घ्यावे. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, म्हणून विदर्भ, मराठवाडा, खानदेशच्या कोरड्या हवेत वाळा उत्तम काम करतो. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत पाणी पटकन वाळतच नाही. तिथे ओल्या ताट्यांनी गारव्याऐवजी कोंदटपणा वाढतो. कोकणातल्या घराने समोरासमोरची दारे-खिडक्या मोकळ्या ठेवून वारा खेळता ठेवावा. कोरड्या भागातल्या घराने रात्री आणि पहाटे खिडक्या उघडाव्यात आणि सकाळी ऊन चढू लागले की बंद कराव्यात.

भिंती आणि छत

दरवर्षी सगळे घर रंगवणे कुणालाच परवडत नाही. एकच भिंत रंगवावी आणि तीही खिडकीसमोरची. तिला पांढरा किंवा फिका पिवळा रंग दिला तर खिडकीतला उजेड तिच्यावरून परत खोलीत पसरतो आणि लहान खोली मोठी वाटते.

चुन्याची सफेदी आज मागे पडली असली तरी जुन्या घरांसाठी ती अजूनही स्वस्त आणि चांगली आहे. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदून उकळतो. म्हणून हे काम लोखंडी पिंपात, मोठ्या माणसाने, रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून करावे आणि मुलांना दूर ठेवावे. चुना रात्रभर मुरू द्यावा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळावा. त्यात भिजवलेला डिंक घातला की सफेदी हाताला लागत नाही आणि चिमूटभर नीळ घातली की पांढरेपणा उठून दिसतो. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंटवर मात्र चुना धरत नाही.

जुना रंग खरवडताना एक सावधगिरी हवी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुन्या भिंती, दारे किंवा पाळणे कोरडे घासू नयेत. पाणी मारून ओले करून घासावेत, मुलांना त्या दिवशी नानीकडे पाठवावे आणि नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दलचा मजकूर वाचावा.

छताकडे कुणी सजावट म्हणून पाहत नाही, पण वरच्या मजल्यावर आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना ठाऊक आहे की उन्हाळ्यात खरा त्रास वरून येतो. पांढरे छत ऊन परतवते. २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छते पांढरी रंगवण्याचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्या स्लॅबला आपण स्वतः हे करू शकतो. स्लॅब झाडून, धुऊन, वाळवून चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये हे काम ठरवूनच टाकावे. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे छतासाठी मिळणारा पांढरा रंग वापरावा. सिमेंटचे पत्रे मात्र खरवडू किंवा कोरडे घासू नयेत. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू फुप्फुसांत जाणे धोक्याचे आहे.

कापड आपल्याच मुलखाचे

घराचा रंग झटकन बदलायचा तर कापडासारखी दुसरी वस्तू नाही. आणि कापडाच्या बाबतीत आपला मुलूख श्रीमंत आहे. सोलापूरची जकार्ड चादर वर्षानुवर्षे धुतली तरी आपला रंग-नक्षी सोडत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघणारे साधे सुती कापड दुकानात तागाच्या भावाने मिळते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव-भिवंडीत माग रुजवले. त्या मागांचे कापड आपल्या खिडकीला लागले तर तीही एक शोभाच आहे.

साध्या मांजरपाटाचे पडदे शिवून त्यांच्या कडेला जुन्या साडीचा काठ लावावा. विटलेल्या ओढण्यांचे उशीचे अभ्रे होतात. सोफ्यावरचे प्लॅस्टिक आवरण काढून टाकावे. उन्हाळ्यात त्यावर बसणाऱ्याला घामच येतो. त्याऐवजी धुता येईल अशी सुती चादर घालावी. एकाच खोलीत तीनपेक्षा जास्त रंग येऊ देऊ नयेत. पडदा नक्षीचा असेल तर चादर साधी, चादर नक्षीची असेल तर पडदा साधा, एवढा नियम पाळला तरी खोली नीटनेटकी दिसते.

कोकणातल्या बऱ्याच घरांत आखातातून आलेले जाड गालिचे असतात. मुलाने किंवा शोहरने कष्टाच्या पैशातून आणलेली ती वस्तू टाकवत नाही. पण दमट हवेत जमिनीवर पसरलेला जाड गालिचा ओल धरतो, त्याला बुरशी लागते, दम्याच्या माणसाला तो त्रास देतो. तो उन्हात वाळवून, गुंडाळून, जुन्या सुती चादरीत बांधून उंचावर ठेवावा. उन्हाळ्यात जमिनीला सतरंजी किंवा चटई पुरे. जांभ्या दगडाच्या घराची गार फरशी आणि पडवी ही मुळातच उन्हाळ्याची सोय आहे, ती झाकू नये.

दस्तरखानाकडेही लक्ष द्यावे. प्लॅस्टिकच्या दस्तरखानाऐवजी पांढऱ्या किंवा फिक्या सुती कापडाचा दस्तरखान शिवावा, कडेला मुलींनी साधा टाका घालावा. दोन शिवले की एक धुण्यात आणि एक वापरात राहतो. इफ्तारच्या वेळी त्यावर खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि पुदिन्याची दोन पाने ठेवली की वेगळ्या सजावटीची गरज राहत नाही.

हिरवाई : कुंडी, माठ आणि गव्हाची रोपे

जिथे अंगण नाही तिथेही खिडकीची कड असते. तिथे सर्वांत आधी पुदिना लावावा. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या ग्लासभर पाण्यात ठेवल्या की साधारण आठवड्याभरात मुळे फुटतात. मग मातीत लावून ओलसर ठेवाव्यात, दुपारचे ऊन टाळावे. मोगऱ्याला उलट भरपूर ऊन लागते. थंडी संपताना त्याच्या फांद्या छाटून, शेणखत घालून ठेवले की उन्हाळाभर फुले येतात. संध्याकाळी वाटीभर पाण्यात पाच-सात मोगऱ्याची फुले ठेवली तर बाजारातल्या फवाऱ्याची आठवण होत नाही.

मुलांसाठी एक सोपा प्रयोग आहे. इराणी घरांत नवरोजला ताटलीत गहू किंवा मसूर उगवून ठेवतात. मूठभर गहू रात्रभर भिजवावेत, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत आणि ताटलीत ओल्या कापडावर पसरून रोज पाणी शिंपडावे. आठ-दहा दिवसांत ताटलीभर हिरवेगार गवत उभे राहते. बीज अंकुरणाचा धडा पुस्तकातून शिकवण्यापेक्षा असा शिकवला तर मुले विसरत नाहीत, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

माठ हीसुद्धा शोभेची वस्तू आहे. थंडीत मोरीमागे गेलेला माठ बाहेर काढून गरम पाण्याने आणि ब्रशने घासावा, साबण लावू नये, कारण मातीत त्याचा वास बसतो. स्वच्छ तिवईवर, वारा लागेल अशा जागी ठेवून त्याला ओले गोणपाट गुंडाळावे, वर झाकण आणि लांब दांड्याचा ओगराळा ठेवावा.

झाडांबद्दल दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. पहिली, घरात चार कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते असे सांगून महाग झाडे विकली जातात. याचे मूळ १९८९ मधल्या नासाच्या एका प्रयोगात आहे, पण तो लहान बंद पेट्यांमध्ये केलेला होता. राहत्या खोलीत उघडी खिडकी त्याहून कितीतरी जास्त काम करते. झाडे डोळ्यांसाठी आणि मनासाठी लावावीत, खिडकीला पर्याय म्हणून नव्हे. दुसरी, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे यांत डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, सगळी भांडी रिकामी करून घासून पुन्हा भरावीत. आमच्याकडे जुमा हा दिवस त्यासाठी सोयीचा, तो विसरला जात नाही. मनीप्लांट चावल्यास तोंडाची आग होते, त्यामुळे रांगत्या बाळापासून तो उंच ठेवावा.

दोन कोपरे राखून ठेवावेत

आता बैठकीच्या खोलीकडे परत येऊ. तिच्यातली एखादी जड वस्तू, बहुधा शोकेस, बाहेर काढली तर दोन कोपरे मोकळे होतात. एक कोपरा मुलांच्या अभ्यासाचा. खिडकीजवळ एक चौरंग किंवा छोटे टेबल, वर पुस्तकांची एक फळी, बस्स. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्या मुलासाठी उलट. भिंतीवर जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांच्याच हाताने लिहिलेली उर्दू आणि मराठी मुळाक्षरे, नकाशा, वेळापत्रक लावावे. पाहुणा आला तर तो पाचशे रुपयांच्या फ्रेमपेक्षा ही अक्षरे अधिक कौतुकाने पाहील.

दुसरा कोपरा दादा-दादींचा. त्यांची खाट वाऱ्याच्या वाटेत यावी, पण थेट पंख्याखाली नको. हाताशी पाण्याची सुराही, चष्मा, तसबी आणि औषधांचा डबा ठेवायला एक लहान स्टूल असावे. रात्री उठताना वाटेत सतरंजीची कड, वायर किंवा पाट येऊ नये. म्हाताऱ्या माणसांना उन्हाचा त्रास सर्वांत आधी होतो, आणि तीच माणसे तक्रार सर्वांत शेवटी करतात.

ज्यांचे घर एकाच खोलीचे आहे त्यांनीही निराश होऊ नये. तिथे कोपरे तासांनी ठरवता येतात. खिडकीखालची जागा संध्याकाळी दोन तास मुलांची आणि दुपारी दादीची. अंथरुणे दिवसा घडी करून त्यांवर स्वच्छ चादर टाकली की तेच तख्त होते.

चार रविवारांचा बेत

सगळे एकाच दिवशी करायला गेलो की घर आणि माणसे दोन्ही थकतात. पहिल्या रविवारी अंथरुणे आणि कपाटे. दुसऱ्या रविवारी खिडक्या, जाळ्या, पंखे आणि पडदे. तिसऱ्या रविवारी एक भिंत आणि छत. चौथ्या रविवारी कुंड्या, माठ आणि सामानाची नवी मांडणी. पहिले तीन रविवार होईपर्यंत बाजारातून चुना, झाडू आणि साबणापलीकडे काही आणू नये. चौथ्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून पाहावे की खरोखर कशाची उणीव आहे. बहुतेक घरांत ती यादी दोन-तीन वस्तूंचीच निघते.

ईदच्या दिवशी पाहुणे येतील, शीरखुर्मा खातील, आणि घर छान दिसते म्हणतील. ते ऐकून बरे वाटेलच. पण मे महिन्यातल्या एखाद्या तापल्या दुपारी दादीला त्या खाटेवर शांत झोप लागली आणि मूल खिडकीपाशी वही उघडून बसले, तर समजावे की सजावट खऱ्या अर्थाने जमली.